पिंपळ होता तिथून

आठ मिनिटं वाचतील असं ती म्हणाली आणि मी गाडी वळवली.

२०२२ च्या श्रावणातला रविवार होता. नागपंचमीनंतरचा पहिला, म्हणजे कानबाई बसण्याचा. खानदेशाबाहेरच्यांना हे थोडं सांगावं लागतं. आमच्याकडे त्या दिवशी नारळाला डोळे, नथ लावून कानबाई सजवतात, चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. गव्हाचे रोट होतात. ते भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला द्यायचे नसतात. त्यामुळे सुरत, वापी, नाशिक, पुणे असे पांगलेले सगळे भाऊबंद त्या एका दिवसापुरते गावाकडे धावतात. दिवाळीला नाही गेलं तर चालतं. कानबाईला नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

‘ती’ म्हणजे मोबाईलमधली बाई. गाडीत आम्ही चौघं होतो: मी, बायको, मागे ओटीची पिशवी मांडीवर घेऊन आई, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक. मोबाईल लेकीच्या हातात होता. पण गाडीत पाचवी कुणी असेल तर ती ही बाई, आणि तिचाच शब्द शेवटचा होता.

नाशिकहून निघालो, मालेगाव गेलं, झोडगे गेलं. लळिंगचा किल्ला दिसला की आई हात जोडते. किल्ल्याला नव्हे, खानदेश आला म्हणून. तेवढ्यात मोबाईलमधली बाई म्हणाली, पुढे धुले. आई हसली. म्हणाली, ‘‘धुले? काय धुयं?’’

यातली गंमत अहिराणी येणाऱ्यालाच कळेल. आमच्या बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, जळगाव म्हणजे जयगाव आणि धुळे म्हणजे धुयं. मोबाईलमधल्या बाईने गावांची नावं बहुधा इंग्रजी स्पेलिंगवरून उचललेली असतात आणि इंग्रजीत ल आणि ळ एकाच अक्षरात कोंबलेले. म्हणून तिचं धुले, अमलनेर, परोला, चालीसगाव. आईचं धुयं, अमयनेर, पारोया. बिचारा ‘ळ’ राहिला तो फक्त सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाटीवर.

काकांचा फोन आला, ‘‘सहा नंबरवरून या, फागण्याला आत वळा.’’ लेकीने मोबाईलवर सहा नंबर शोधला, मिळाला नाही. मिळणार कसा? राष्ट्रीय महामार्गांचे आकडे २०१० मध्ये बदलले. सुरत-नागपूर हा जुना सहा नंबर आता ५३ आहे. मुंबई-आग्रा हा जुना तीन नंबर नाशिक ते धुळे ६० झाला आणि धुळ्याच्या पुढे इंदूरकडे ५२. पण खानदेशात साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो तीन आणि सहाच सांगेल. ट्रक चालवणाऱ्या माझ्या एका चुलतभावाला मी एकदा त्रेपन्न नंबरचा हायवे म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘तो कुठे नवीन झाला?’’ रोज त्याच रस्त्यावरून जातो तो.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लपवण्यासारखं काही नाही, पण लिहून उपयोगही नाही, कारण त्या नावाची गावं तालुक्यातालुक्यात आहेत. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव, सावखेडा ही नावं आमच्याकडे दाणे पेरावे तशी पेरलेली आहेत. सावखेडा म्हटलं की रावेरचं, यावलचं की अमळनेरचं, हे विचारावंच लागतं. शिवाय प्रत्येकाला बुद्रुक आणि खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. दोघांच्या मध्ये कधी नुसता ओढा असतो, कधी पाच कोस. भुसावळजवळच्या कुऱ्ह्याला लोक ‘कुऱ्हे पानाचे’ म्हणतात, नागवेलीच्या पानांवरून, म्हणजे दुसऱ्या कुऱ्ह्याशी घोटाळा नको. मोबाईलवर गावाचं नाव टाकलं की यातलं कुठलंही एक पुढे येतं आणि माणूस घाईत पहिल्यावरच बोट ठेवतो.

यावर लोकांनी तोड काढली, ‘लोकेशन पाठवतो’. त्याचीही एक गोष्ट आहे. पुतण्याच्या साखरपुड्याला माझ्या चुलतभावाने सगळ्या पाहुण्यांना लोकेशन पाठवलं. पाठवलं तेव्हा तो पेट्रोल पंपावर डिझेल भरत होता. आम्ही बरोबर त्या पंपावर जाऊन पोहोचलो. पंपावरच्या पोराने आमचे कपडे पाहिले, हातातला आहेर पाहिला आणि न विचारताच सांगितलं, ‘‘साखरपुडा ना? तुम्ही चौथे.’’ मोबाईल तिथे काडीचाही चुकला नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तिथे त्याने अचूक नेलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे त्याच्याबद्दल वाईट लिहायचं आहे.

तर, फागण्याला आत वळलो, नवलनगर मागे पडलं, आणि थोड्या वेळाने बाई म्हणाली, डावीकडे वळा. समोर चांगला अमळनेरचा डांबरी रस्ता. डावीकडे अरुंद, पण तोही डांबरीच. आठ मिनिटं कमी. पाऊस नुकताच थांबला होता, ऊन पडलं होतं. आई मागून म्हणाली, ‘‘बेटा, हाई वाट उन्हायानी शे.’’ ही वाट उन्हाळ्याची आहे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रस्त्याला कसला आलाय उन्हाळा आणि पावसाळा.

डांबर दीड किलोमीटर टिकलं. मग खडी. मग दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी. एका ठिकाणी वाटेच्या कडेला बाभळीची एक काटेरी फांदी पडलेली दिसली. खानदेशात वाढलेल्या माणसाने ती फांदी पाहून थांबायला हवं होतं. वाट बंद असली की कुणीतरी अशी फांदी आडवी टाकतं, आणि मग कुणी मोटारसायकलवाला आपल्यापुरती ती बाजूला सारतो. पण वीस वर्षं नाशिकला राहून माझे डोळे फांदी वाचायला विसरले होते. बाई म्हणत होती, सरळ चालत राहा. आणि सरळ चालत राहता राहता पुढचं डावं चाक काळ्या मातीत बसलं.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती ज्याने पावसात पाहिली नाही त्याला ती समजावून सांगणं अवघड. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय आत जाईल एवढ्या. वर मात्र दगडासारखी टणक, बैलगाडी सोडा, भरलेला ट्रक जाईल. आणि पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि लोण्यासारखी होते. चाकाला चिकटली की चाकाचं चाक राहत नाही, मातीचा गोळा होतो. मी जितका एक्सलेटर दाबला तितकी गाडी खाली गेली. मोबाईलवर आमचा निळा ठिपका शांत होता. बाई म्हणाली, आठशे मीटरवर उजवीकडे वळा.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा आला, मागे सहा-सात शेळ्या. त्याने गाडीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.

‘‘कथा जाई ऱ्हायनात भाऊ?’’

गाव सांगितलं.

‘‘हाई वाट जास तठे. पन आते नही जात. पुढे फरशी बुडेल शे. चार दिन व्हयनात.’’ फरशी म्हणजे नदी-ओढ्यावरचा बुटका पूल, पाणी वाढलं की बुडणारा. मग थोडं थांबून, ‘‘मोबाईलनी बाईनी सांगं का?’’

हो म्हणालो.

‘‘ती कव्हय उनी व्हती आठे?’’

ती कधी आली होती इथे? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, लेकीकडेही नव्हतं. म्हाताऱ्याने शेळ्या बांधाला लावल्या आणि ट्रॅक्टर आणायला कुणाच्या तरी मळ्याकडे निघून गेला. आम्ही तासभर तिथे बसलो.

त्या तासात लेकीने मोबाईलची वकिली केली. आधी रागाने, मग रंगात येऊन. तिचं पहिलं म्हणणं असं, की जीपीएस चुकलेलंच नाही. आपण जिथे रुतलोय, बरोबर तिथेच ठिपका दाखवतोय. हे मला मान्य करावं लागलं. वर वीस हजार दोनशे किलोमीटरवर ते उपग्रह फिरतात, किमान चोवीस तरी लागतात, प्रत्येकात अणुघड्याळ. ते उपग्रह खाली काही पाहत नाहीत, आपण कुठे आहोत हे त्यांना माहीतही नसतं. ते सतत सांगतात ते एवढंच, की मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजलेत. चार उपग्रहांची वेळ ऐकून मोबाईल स्वतःच गणित करतो आणि आपली जागा काढतो. उघड्या रानात चूक होते ती काही मीटरची. पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक घालून ठेवायचं, शंभर मीटरपर्यंत घोटाळा व्हायचा, ते त्यांनी मे २००० मध्ये बंद केलं. आणि वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे पळतात, आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे. तेवढं जमेला धरलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक होईल.

आई हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, ‘‘मंग त्या वरतून देखतस नही का?’’ वरून बघत नाहीत का ते?

नाही, बघणारे वेगळे, लेक म्हणाली. फोटो काढणारे उपग्रह निराळे. त्यांच्या फोटोंवरून रस्ते उमटवतात. आणि ढग असले की त्यांच्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही, म्हणून ढग नसलेल्या दिवसांचेच फोटो उपयोगाचे.

हे बोलता बोलता तीच थांबली. मीही. ढग नसलेले दिवस म्हणजे आमच्याकडे कधी? दिवाळीनंतर ते मृगापर्यंत. म्हणजे त्या नकाशातल्या खानदेशात पाऊस पडतच नाही. तिथे कायम फेब्रुवारी-मार्च असतो, वावरं उघडी पडलेली असतात, गाडीवाटा पांढऱ्या फटफटीत दिसतात, बोरी नदीत वाळू असते आणि फरशीवरून शेळ्या जात असतात. त्या खानदेशातून ही वाट खरोखरच जवळची आहे. खरोखरच आठ मिनिटं वाचतात.

आई म्हणाली, ‘‘तेच तं मी सांगं.’’

मग लेकीने दुसरी गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची जी युक्ती या सगळ्याच्या मुळाशी आहे, ती डाइकस्ट्रा नावाच्या डच माणसाने १९५६ साली काढली. आम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला, दोघं कॉफी प्यायला बसले आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्याला ती सुचली. त्याच्या डोक्यात प्रश्न होता रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा. प्रत्येक रस्त्यावर एक आकडा लिहायचा, किती वेळ किंवा किती अंतर, आणि मग सर्वांत कमी बेरीज होणारी वाट निवडायची. युक्ती निर्दोष आहे. पण रस्त्यावर आकडा लिहिणार कोण? हायवेवर रोज हजारो मोबाईल जातात, त्यांच्या वेगावरून कळतं. या वाटेवर पावसाळ्यात कुणाचा मोबाईल जातो? म्हाताऱ्याकडे तर मोबाईलच दिसला नाही. मग तिथे अंदाज. आणि अंदाज करणाऱ्याला काळी माती माहीत नाही. डाइकस्ट्राचा दोष नाही. ग्रोनिंगेनच्या वाटेवर बोरी नदीची फरशी नव्हती.

ट्रॅक्टर आला, साखळी लावली, गाडी निघाली. पैसे घेतले नाहीत. ‘‘कानबाईले जाई ऱ्हायनात, पैसा काय लेवाना’’ म्हणाला. मग म्हाताऱ्याने रस्ता सांगितला. तो जसाच्या तसा लिहितो, कारण त्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात आहे:

‘‘माघारे फिरा. पिंपय व्हता ना, तठून जेवना हातले वया. मंग दूधनी डेरी व्हती, ती सोडा. पाटीलना वाडा पडना, त्याना मांगे नवी शाया शे. तठून सरय.’’

जेवना हात म्हणजे उजवा, ज्या हाताने आपण जेवतो तो. तेवढं लेकीला मी सांगितलं. पण ती वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. ‘‘पप्पा, पिंपळ होता म्हणजे? आता नाहीये ना? मग आपल्याला दिसणार कसा?’’

बरोबर होतं तिचं. म्हाताऱ्याने सांगितलेल्या खुणांपैकी शाळा सोडली तर एकही उरलेली नव्हती. पिंपळ रस्ता रुंद करताना तोडला. डेअरी बंद पडली. वाडा पडला. आम्ही त्या फाट्यावर आलो तेव्हा समोर काहीच नव्हतं, नुसतं एक मोकळं वळण. आणि आई म्हणाली, ‘‘वय आठेच.’’ वळ इथेच. तिच्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या त्या पिंपळाखाली सुटल्या होत्या. बैलांना तिथे पाणी पाजलं होतं. मला या पिंपळाबद्दल ती कधी बोललेली आठवत नाही.

तेव्हापासून मी दोघांचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो, बाईचं आणि गावच्या माणसांचं. बाईच्या व्याकरणात दोनच गोष्टी आहेत, आज्ञा आणि भविष्य. वळा, चालत राहा, यू-टर्न घ्या. तुम्ही चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचाल. भूतकाळ नाही. तिच्याकडचा फोटो कधीचा आहे, हे ती सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. आमच्याकडच्या माणसाला विचारलं तर तो जवळपास सगळा रस्ता भूतकाळात सांगतो. इथे पिंपळ होता, तिथे टॉकीज होती, जिनिंग होती. त्याच्याकडचा नकाशा बाईपेक्षा जुना आहे, कधी चाळीस वर्षांनी जुना. पण जुना आहे हे त्याला ठाऊक आहे. ‘व्हता’ म्हणतो तो.

यावरून कुणी असा समज करून घेऊ नये की गावची माणसं चुकत नाहीत. खानदेशी माणसाला ‘माहीत नाही’ म्हणणं जमत नाही. पाहुण्याने रस्ता विचारला आणि आपण सांगितला नाही तर तो त्याला कमीपणा वाटतो. त्यामुळे माहीत नसलं तरी तो सांगतो, आणि आत्मविश्वासाने सांगतो. जामनेरला एकदा चहाच्या टपरीवर मी रस्ता विचारला, तर एकाने पूर्व दाखवली आणि दुसऱ्याने पश्चिम, मग त्यांचंच जुंपलं, मग त्यात कुणाच्या तरी सोसायटीच्या निवडणुकीचा विषय निघाला. मी गुपचूप चहाचे पैसे दिले आणि मोबाईल काढला. मोबाईल बरोबर होता.

आणि नव्या रस्त्यांवर तर दोघांचीही पंचाईत. पाळधी ते तरसोद हा जळगावचा बायपास नवा नवा होता तेव्हा त्यावरून जाताना माझ्या मोबाईलवर गाडी कोऱ्या रानातून चालली होती, आजूबाजूला रेघ नाही, खूण नाही. बाई बिचारी पुन्हा पुन्हा मागे फिरायला सांगत होती, आवाज मात्र तसाच, न चिडता. बायको असती तर एव्हाना बोलायची थांबली असती. (हे वाक्य तिने वाचलं आहे आणि राहू दे म्हणाली आहे.) सातपुड्यात आणखी निराळं. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला निघालात तर जीपीएस चालू असतं, कारण त्याला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर ठिपका नुसत्या करड्या पडद्यावर सरकत राहतो. जागा कळते, पण कशाच्या शेजारी ते कळत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं ते आमचं चाक फक्त मातीत बसलं म्हणून. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी रात्री अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली, एक जण दगावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात भर पावसात पेरियार नदीत गाडी जाऊन दोन तरुण डॉक्टर गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे गेले. पुराने पुलाचा पुढचा भाग आधीच नेला होता. बातम्यांत तिन्ही वेळा नकाशाचं नाव आलं. मी या बातम्या दोनदा वाचतो. पहिल्यांदा नकाशा काय म्हणाला ते पाहायला आणि दुसऱ्यांदा, रस्त्यावर आडवं काय ठेवलं होतं ते शोधायला. आसपासच्या गावांत पूल बंद आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. परक्या माणसाला ते सांगण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, इथे आल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. नकाशावाल्यांनी रस्ता दाखवू नये हे खरंच, पण तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भिंत घालायला उपग्रह लागत नाही. आमच्या म्हाताऱ्याच्या गावाने निदान बाभळीची फांदी तरी टाकली होती.

२०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात दरडी कोसळल्या तेव्हा माझा एक मित्र संभाजीनगरला निघाला होता. मोबाईलवर रस्ता मोकळा, निळा. पेट्रोल पंपावरच्या ट्रक ड्रायव्हरने त्याला सांगितलं, घाट गेला. ‘घाट गेला’ हे दोन शब्द. तासाभराने मोबाईलवरही रस्ता लाल झाला, मग करडा. त्या तासात आधी कोण पुढे गेलं आणि कोण थांबलं, हे प्रत्येकाच्या हवा भरायच्या नि चहा प्यायच्या सवयीवर ठरलं.

आता राहिलेली गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जरा जड जातं.

त्या कानबाईच्या रात्री, रोट खाऊन झाल्यावर, मी ओसरीवर बसून मोबाईलवर तक्रार नोंदवली. ती वाट बोटाने निवडली आणि लिहिलं, इथे रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर गेली, आम्ही नाशिकला आलो, मी विसरलो. काही महिन्यांनी निरोप आला, आपली सूचना स्वीकारली आहे, धन्यवाद. पाहिलं तर ती वाट नकाशावरून गेलेली. तिथे आता एकसारखा हिरवट-पिवळा रंग होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. कुणाचं तरी चाक रुतायचं वाचलं.

यंदा फेब्रुवारीत हळदीला गावी गेलो. नवलनगरच्या पुढे त्याच फाट्यावर टरबुजांचा ढीग दिसला, आणि ढिगामागे तोच म्हातारा. शेळ्या नव्हत्या. मी गाडी थांबवली. त्याने मला ओळखलं नाही, आईला ओळखलं. मागे पाहिलं तर दोन चाकोऱ्यांच्या जागी मुरुमाचा चांगला रुंद रस्ता, रोलर फिरवलेला. पाणंद रस्त्याच्या सरकारी योजनेतून झाला म्हणाला. फरशीच्या जागी मोऱ्या टाकून दोन हात उंच केली आहे, गेल्या पावसाळ्यात एक दिवससुद्धा बुडाली नाही. अमळनेरला जाणाऱ्या गाड्या इकडून वळतील म्हणून त्याने फाट्यावर माल मांडला होता.

‘‘पन आते रस्ता व्हयना, तं कोनीच येत नही,’’ तो म्हणाला. ‘‘पह्यले रस्ता नही व्हता, तव्हय रोज एक गाडी रुते.’’

पूर्वी रस्ता नव्हता तेव्हा रोज एक गाडी रुतायची. मी काही बोललो नाही. दोन टरबुजं घ्यायची होती, सहा घेतली. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

लेक मात्र गाडीतून उतरली आणि तिने मोबाईल काढला. तिला सगळं माहीत होतं, तक्रार नोंदवली तेव्हा ती शेजारीच बसली होती. फाट्यापासून तिने बोटाने रेघ ओढायला सुरुवात केली, कपाशीच्या काड्या उपटलेल्या वावरांमधून, मोऱ्यांवरून, पलीकडच्या डांबरी रस्त्यापर्यंत. मग तिथे एक रकाना आला, रस्त्याचं नाव. तिने म्हाताऱ्याला विचारलं.

‘‘नाव कसानं?’’ तो म्हणाला. ‘‘वाट शे ती.’’

तिने तो रकाना रिकामा ठेवला आणि पाठवून दिलं. आम्ही गाडी त्याच रस्त्याने घातली. बाई लगेच म्हणाली, मागे फिरा.